हेअर साहेबांची पालखी

कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवर जुन्या पुस्तकांच्या टपऱ्यांमधून वाट काढत गेलं की एका बाजूला मोकळं पाणी दिसतं. हे कॉलेज स्क्वेअर, जुन्या लोकांची गोलदिघी. आजूबाजूला हेअर स्कूल, हिंदू स्कूल, प्रेसिडेन्सी, संस्कृत कॉलेज आणि विद्यापीठ. या सगळ्या गजबजाटात, तळ्याच्या आवारात, एका गोऱ्या माणसाची समाधी आहे. कोलकात्यात गोऱ्या साहेबांसाठी दफनभूमी होत्या आणि त्यांच्या उंच कबरी पाहायला लोक आजही पार्क स्ट्रीटला जातात. मग हा एकटा गृहस्थ त्या सर्वांना सोडून बंगाली पोरांच्या शाळा-कॉलेजांच्या मधोमध कसा?

त्यांचं नाव डेव्हिड हेअर. मृत्यू 1 जून 1842. धंदा घड्याळजीचा. कंपनी सरकारात मोठा हुद्दा नाही, लष्करात नाही, मिशनरी नाही, ग्रंथकार नाही, वक्ता तर मुळीच नाही. तरीही ते गेले तेव्हा भर पावसात हजारो माणसं त्यांच्यामागे चालली होती आणि त्यातले बहुतेक बंगाली होते.

आपल्याकडे स्कॉटिश माणूस म्हटला की माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आठवतो किंवा मुंबईचे डॉ. जॉन विल्सन. हेअर हेही स्कॉटिशच, पण त्यांचं नाव मराठी वाचकाच्या कानावर फारसं पडलेलं नाही. ज्यांना ठाऊक आहे ते त्यांना शिक्षणप्रेमी दानशूर म्हणून ओळखतात. ते होतेच. पण नुसतं तेवढं म्हटलं की त्यांच्या आयुष्याचा अर्धा भाग बाहेर राहतो. छापखान्याचं स्वातंत्र्य, ज्युरीपुढे खटला चालवण्याचा हक्क, परदेशी पाठवल्या जाणाऱ्या मजुरांची सुटका, या तिन्ही लढ्यांत हा घड्याळजी उभा होता. माझं म्हणणं असं की त्यांची शाळा आणि त्यांचं राजकारण ही दोन कामं नव्हतीच. माणसाने स्वतः विचार करावा आणि त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी निर्णय घेऊ नये, ही एकच मागणी ते वर्गातही करत होते आणि टाउन हॉलमध्येही.

हेअर यांचा जन्म 1775 चा. वडील लंडनमध्ये घड्याळांचा धंदा करत, आई ॲबर्डीनकडची. त्यांच्या तरुणपणीचं स्कॉटलंड पाहिल्याशिवाय हा माणूस नीट समजत नाही. 1801 च्या शिरगणतीत स्कॉटलंडची लोकसंख्या सोळा लाखांच्या घरात होती आणि पार्लमेंटसाठी मत देण्याचा अधिकार होता काही हजारांना. फ्रेंच राज्यक्रांतीच्या बातम्या आल्या तशा विणकर, चांभार, छापखानेवाले, शाळामास्तर सभा घेऊ लागले. मताचा अधिकार वाढवा, पार्लमेंटच्या निवडणुका लवकर लवकर घ्या, एवढीच त्यांची मागणी. टॉमस पेन या लेखकाचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक हातोहात फिरत होतं.

ग्लासगोचा तरुण वकील टॉमस म्यूर या चळवळीचा पुढारी. ऑगस्ट 1793 मध्ये एडिंबरोत त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. पेनचं पुस्तक वाटलं, हा त्यातला एक मोठा आरोप. न्यायाधीश लॉर्ड ब्रॅक्सफील्डचा कल पहिल्यापासून उघड होता. शिक्षा झाली चौदा वर्षं काळ्या पाण्याची, म्हणजे ऑस्ट्रेलियाची. 1796 मध्ये म्यूर एका अमेरिकन जहाजावरून तिथून निसटला आणि पॅसिफिक ओलांडून मेक्सिकोमार्गे युरोपच्या वाटेला लागला. काडिझजवळ इंग्रज आरमाराने त्याच्या स्पॅनिश जहाजावर हल्ला केला, त्यात त्याचा चेहरा फाटला. कसाबसा फ्रान्सला पोचला आणि 1799 मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी तिथेच वारला.

ही हकीकत कोलकात्याशी जोडणारा दुवा म्हणजे हेन्री डंडास. म्यूरचा खटला चालला तेव्हा हा इंग्लंडचा गृहमंत्री. स्कॉटलंडमधलं पानसुद्धा त्याच्या इच्छेविना हलत नसे. सुधारकांवर वरवंटा फिरवणारा हाच, आणि त्याच वर्षापासून ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेख करणाऱ्या मंडळाचा अध्यक्षही हाच. निष्ठावंत स्कॉटिश घराण्यांतल्या पोरांना कंपनीत चिकटवून देणं हे त्याच्या राजकारणाचं हत्यार होतं. म्हणून त्या काळच्या कोलकात्यात, मद्रासेत, मुंबईत इतके स्कॉटिश लोक दिसतात. हेअर 1800 साली कोलकात्यात उतरले ते मात्र अशा वशिल्याने आलेले नव्हते. हातात कसब होतं, ते घेऊन पोट भरायला आले होते.

घड्याळाच्या धंद्याला कोलकाता चांगलं गाव होतं. कंपनीच्या कचेऱ्या, जहाजांचे कप्तान, श्रीमंत बाबू लोक, सगळ्यांना घड्याळ हवं. इथली दमट हवा पोलादाला गंज आणते, तेल घट्ट करते, म्हणून विकलेलं घड्याळ पुन्हापुन्हा दुरुस्तीला परत येतं. वीस वर्षांत हेअर यांनी बऱ्यापैकी पैसा केला. इतर इंग्रज व्यापारी अशा वेळी गाशा गुंडाळून मायदेशी जात, गावी इस्टेट घेत. हेअर यांनी 1820 मध्ये धंदा ग्रे नावाच्या मित्राला विकला आणि ते इथेच राहिले. लग्न केलं नाही. दुकानात येणाऱ्या बंगाली गिऱ्हाइकांशी त्यांच्या घराघरांतल्या गोष्टी बोलत बोलत त्यांचं या लोकांत येणं-जाणं सुरू झालेलं होतं. पूजेला, जत्रेला, कुणाच्या घरी कार्य असेल तर तिथे, साहेब हजर असायचे.

1815-16 चा सुमार. राममोहन राय नुकते कोलकात्यात येऊन राहिले होते आणि घरी आत्मीय सभा भरवत होते. तिथे एकेश्वरी मतावर चर्चा चाले. एका बैठकीला हेअर बोलावणं नसताना गेले. मूर्तिपूजा कशी मोडावी याचा खल चालला होता. सभा संपल्यावर हेअर यांनी राममोहनना सुचवलं की धर्मसभेपेक्षा मुलांना युरोपातलं ज्ञान शिकवणारी शाळा काढा, बाकीचं आपोआप येईल. हेअर स्वतः धर्माच्या बाबतीत अलिप्त, चर्चला न जाणारे. हिंदूंनी ख्रिस्ती व्हावं असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि राममोहनच्या नव्या पंथाचंही त्यांना अप्रूप नव्हतं.

शाळेचा आराखडा सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश सर एडवर्ड हाइड ईस्ट यांच्याकडे गेला. 14 मे 1816 ला त्यांच्या घरी शहरातले प्रतिष्ठित हिंदू जमले. पैसे द्यायला तयार, पण राममोहन समितीत असतील तर आम्ही नाही, असा सनातन्यांचा हट्ट. हेअर राममोहनकडे गेले. राममोहन एका शब्दाने बाजूला झाले. आपल्याकडे किती संस्था मानापमानापायी जन्माआधीच मेल्या आहेत ते आठवलं, की या दोन माणसांचं मोठेपण कळतं. एकाने नाव सोडलं, दुसऱ्याने ते सोडायला सांगण्याचं अवघड काम अंगावर घेतलं. 20 जानेवारी 1817 ला गरानहाट्यात एका भाड्याच्या घरात वीस मुलांवर हिंदू कॉलेज सुरू झालं.

त्याच वर्षी कलकत्ता स्कूल बुक सोसायटी निघाली आणि 1818 मध्ये कलकत्ता स्कूल सोसायटी. पहिलीने शाळेची पुस्तकं छापायची, दुसरीने गावठी पाठशाळा सुधारायच्या आणि नव्या काढायच्या. स्कूल सोसायटीच्या कामात हेअर यांच्याबरोबर राधाकांत देव होते. हे सनातन्यांचे पुढारी. पुढे सतीबंदीला ज्यांनी विरोध केला त्यांच्यातलं मोठं नाव. सतीबंदीसाठी झगडणारे राममोहन हेअर यांचे मित्र आणि सतीबंदीला विरोध करणारे राधाकांत त्यांचे सहकारी. शाळेपुरतं दोघांशीही त्यांचं जमत होतं.

आता हेअर यांचा दिवस पाहू. कारण त्यांचं चरित्र मोठमोठ्या घटनांत नाही, या रोजच्या फेरीत आहे.

सकाळी पालखी निघायची. पालखीत पुस्तकं आणि औषधाच्या बाटल्या. आरपुली, ठनठनिया, पटलडांगा इथल्या शाळा आणि हिंदू कॉलेज, एकेक करून सगळीकडे हजेरी. कोणता मुलगा आला नाही ते बघायचं आणि संध्याकाळी त्याच्या घरी जायचं. ताप असेल तर औषध द्यायचं, उनाडक्या करत असेल तर कान धरायचा. पालखीच्या दोन्ही बाजूंना पोरं पळत असत. इंग्रजी शिकलेल्याला कचेरीत नोकरी मिळते हे एव्हाना सर्वांना कळलं होतं. गरीब घरची पोरं मोडक्यातोडक्या इंग्रजीत ओरडायची की आम्हाला शाळेत घ्या. फुकट शिक्षणाच्या जागा थोड्या. त्या पोरांत कृष्णनगरहून आलेला रामतनु लाहिडी हा एक बारक्या चणीचा मुलगा होता. साहेबांनी आधी जागा नाही म्हणून सांगितलं. मुलगा दुसऱ्या दिवशी पुन्हा पालखीबरोबर पळत आला, तिसऱ्या दिवशीही आला. शहरभर साहेब जातील तिथे तोही. कधी उपाशीपोटी आलाय हे हेअर यांच्या लक्षात यायचं, ते मिठाईवाल्याकडून त्याला खायला घालायचे. असे दोन-एक महिने गेल्यावर त्याला जागा मिळाली. हाच रामतनु पुढे बंगालचा नावाजलेला शिक्षक झाला. 1904 मध्ये शिवनाथ शास्त्री यांनी त्याचं चरित्र लिहिलं आणि त्या चरित्राच्या निमित्ताने अख्ख्या बंगाली समाजाचा इतिहास लिहिला. आजही बंगालच्या प्रबोधनाचा अभ्यासक ते पुस्तक टाळून पुढे जाऊ शकत नाही.

शाळेच्या दारात हेअर कधी कधी हातात टॉवेल घेऊन उभे राहत. येणाऱ्या प्रत्येक मुलाचं तोंड, मान, कानामागची जागा तपासायचे. मळ दिसला की स्वतःच पुसून काढायचे. कोलकात्याच्या त्या काळात गोऱ्या माणसाने काळ्या पोराच्या अंगाला असा हात लावणं ही साधी गोष्ट नव्हती. चंद्रशेखर देव नावाच्या विद्यार्थ्याने सांगितलेली आठवणही अशीच. तो एका संध्याकाळी साहेबांकडे गेला आणि धो धो पावसात अडकला. साहेबांनी त्याला खायला घातलं, पाऊस ओसरल्यावर हातात काठी घेतली आणि वाटेत दारू प्यालेले गोरे शिपाई भेटतात म्हणून तो धोक्याचा टप्पा संपेपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेले.

हिंदू कॉलेजची दुसरी बाजूही सांगायला हवी. ते हिंदूंचं, त्यातही वरच्या थरातल्या हिंदूंचं कॉलेज होतं. मुसलमान मुलाला तिथे प्रवेश नव्हता. सर्वांसाठी दार उघडलं ते 1855 मध्ये त्याचं प्रेसिडेन्सी कॉलेज झाल्यावर. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1848 मध्ये जे दार उघडलं तसलं दार हेअर यांच्या कॉलेजला नव्हतं. हेअर यांनी गरिबांसाठी बंगाली पाठशाळा चालवल्या, मुलींच्या शिक्षणाला पाठिंबा दिला, पण पैसे देणाऱ्या बाबू लोकांची अट त्यांनी मोडली नाही. बंगालच्या प्रबोधनाची जी मर्यादा पुढे शतकभर बोलली गेली तिची सुरुवात इथेच आहे.

याच कॉलेजात 1826 च्या सुमारास हेन्री डेरोझिओ हा जेमतेम सतरा वर्षांचा शिक्षक आला. बाप पोर्तुगीज वंशाचा, मुलगा जन्माने कोलकात्याचा. त्याचा गुरू डेव्हिड ड्रमंड, धरमतल्ल्याच्या शाळेचा स्कॉटिश मास्तर, ह्यूमच्या तत्त्वज्ञानात मुरलेला. डेरोझिओने वर्गात ‘देव आहे का’ या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडल्या आणि मुलांनी घरी जाऊन संध्या सोडली. शहर हादरलं. त्या दिवसांत कोलकात्यात टॉमस पेनची पुस्तकं अमेरिकन जहाजातून आली. 1830 मध्ये आलेले स्कॉटिश मिशनरी अलेक्झांडर डफ यांनी लिहून ठेवलंय की एक रुपयाला मिळणारी प्रत पोरांनी इतकी उचलली की भाव पाच रुपयांवर गेला. डफ यांना हे पाहून दुःख झालं होतं. ज्या लेखकाचं पुस्तक वाटलं म्हणून म्यूरला एडिंबरोत चौदा वर्षं ठोठावली, त्याच लेखकासाठी चाळीसेक वर्षांनी चितपूर रोडवरची पोरं खिसे रिकामे करत होती.

23 एप्रिल 1831 ला कॉलेजच्या चालकांची बैठक झाली. डेरोझिओ मुलांना शिकवायला नालायक आहे का, हा प्रश्न मतास आला तेव्हा हेअर यांनी आणि संस्कृत पंडित होरेस विल्सन यांनी त्याची बाजू घेतली. हिंदू समाजाच्या भावना पाहता त्याला काढावं का, या पुढच्या प्रश्नावर मात्र हा हिंदू सभासदांचा प्रश्न आहे असं म्हणून दोघांनी मत दिलं नाही. डेरोझिओ गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात बावीस वर्षांचा असताना पटकीने वारला. हेअर त्या वेळी जास्त जोराने का बोलले नाहीत, असं मला नेहमी वाटतं. पण कॉलेजातून बाहेर फेकल्या गेलेल्या, घरच्यांनी टाकलेल्या त्या पोरांच्या पाठीशी उरलेली वर्षं ते उभे राहिले, हेही खरं. त्याच वर्षी मुलांनी वर्गणी काढून चार्ल्स पोट या चित्रकाराकडून त्यांचं चित्र काढून घेतलं होतं.

आता राजकारण. कंपनीच्या राज्यात कुठल्याही बिनसरकारी गोऱ्याला परवान्याशिवाय राहता येत नसे आणि गव्हर्नर जनरलला वाटलं तर तो कुणालाही पहिल्या जहाजाने परत पाठवू शके. 1823 मध्ये ‘कलकत्ता जर्नल’चा संपादक जेम्स सिल्क बकिंगहॅम याला असंच हाकललं आणि लगोलग परवान्याशिवाय वृत्तपत्र काढू नये असा नियम आला. नियम आणणारा जॉन ॲडम हाही स्कॉटिश घराण्यातलाच. गोऱ्याला हाकलता येत होतं, पण इथल्या माणसाला त्याच्याच देशातून हाकलणार कुठे? म्हणून कायदा करावा लागला. राममोहन यांनी द्वारकानाथ टागोर आणि इतरांसह सुप्रीम कोर्टात अर्ज केला, तो फेटाळला गेला, आणि राममोहननी आपलं ‘मिरात-उल-अखबार’ हे फारसी पत्र बंद केलं. पुढे बारा वर्षं हा नियम टिकला. 5 जानेवारी 1835 ला कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये गोरे आणि बंगाली एकत्र जमले आणि वृत्तपत्रांवरची बंधनं उठवा अशी मागणी केली. या मागणीच्या मागे हेअर उभे होते. सप्टेंबर 1835 पासून सर चार्ल्स मेटकाफच्या कायद्याने परवाना गेला. ही गोष्ट मुंबईलाही लागू झाली. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ तेव्हा तीन वर्षांचं होतं.

ज्युरीचंही तेच. 1826 च्या कायद्याने हिंदी माणसाला ज्युरीत बसता येऊ लागलं, पण आरोपी ख्रिस्ती असेल तर नाही. राममोहनांनी त्याविरुद्ध लंडनपर्यंत अर्ज केले आणि 1832 मध्ये ही अट सुटली. हेअर यांचं म्हणणं होतं की सुप्रीम कोर्टातल्या दिवाणी दाव्यांनाही ज्युरी हवी. ज्या शहरात कंपनी हीच राजा आणि कंपनी हीच व्यापारी, तिथे एकट्या न्यायाधीशाच्या मर्जीवर माणसाची मालमत्ता टांगलेली असू नये, हा या मागणीमागचा मुद्दा.

यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मजुरांचं प्रकरण. 1834 मध्ये इंग्रजांच्या वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने उठू लागली आणि मॉरिशसच्या ऊसमळ्यांना माणसं हवी झाली. त्या वर्षी ‘ॲटलस’ जहाजातून कोलकात्याहून छत्तीस मजूर पाच वर्षांच्या करारावर रवाना झाले. पुढच्या चार वर्षांत हजारो गेले. 1838 मध्ये ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ ही जहाजं थेट दक्षिण अमेरिकेतल्या डेमेरारापर्यंत माणसं घेऊन गेली. छोटा नागपूरचे आदिवासी, बिहारचे दुष्काळाने फिरणारे शेतकरी. अरकाटी म्हणजे मजूर गोळा करणारा दलाल त्यांना सांगायचा की कंपनीचं बागेतलं काम आहे, जवळच आहे. करारावर अंगठा उठला की माणूस गिरमिट्या. जहाज सुटेपर्यंत त्याने पळून जाऊ नये म्हणून त्याला शहरातल्या एखाद्या घरात कोंडून ठेवायचं.

असं एक घर हेअर यांच्या नजरेस आलं. आत माणसं कोंडलेली होती आणि दारावर पहारा. शाळांची फेरी ज्या पालखीतून व्हायची त्या पालखीने हे घर गाठलं. हेअर यांनी पोलिसांना आणलं आणि ती माणसं सुटली. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. 1838 मध्ये टाउन हॉलमध्ये सभा झाली, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, आणि हेअर यांनी तिच्यापुढे पाहिलेलं सगळं साक्षीत सांगितलं. समितीवर रसमय दत्त हे बंगाली सभासदही होते. 1839 मध्ये ही मजूर-निर्यात कायद्याने बंद झाली.

बंदी टिकली नाही. मळेवाल्यांचा दबाव इतका की 1842 मध्ये मॉरिशसचा मार्ग पुन्हा खुला झाला आणि या वेळी मुंबई बंदरही त्यात आलं. कोकणातले, साताऱ्याकडचे मराठी लोक त्यानंतर मॉरिशसला गेले. त्यांचे नातू-पणतू आज तिथे आहेत आणि गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते. त्यांच्या पूर्वजांच्या बाजूने पहिला आवाज उठला तो कोलकात्यात, आणि तो उठवणाऱ्यांत हा निवृत्त घड्याळजी होता, हे मराठी माणसाला ठाऊक असायला हवं.

1835 मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेज निघालं. मुलांना प्रेताला हात लावायला तयार करणं हे डोंगराएवढं काम. घराण्याची जात जाईल, वडील बाहेर काढतील. 1836 मध्ये मधुसूदन गुप्त या वैद्य पंडिताने चार विद्यार्थ्यांसह शवविच्छेदन केलं. या कॉलेजला मुलं मिळाली ती बऱ्याच अंशी हेअर यांच्या शब्दावर. आईबापांना माहीत होतं की हा साहेब पोरांना बाटवत नाही. 1837 मध्ये ते कॉलेजचे चिटणीस झाले. वॉर्डात रोज फिरायचे, गरीब रोग्यांच्या खाटेपाशी थांबायचे.

या सगळ्यात कमावलेला पैसा संपला. गोलदिघीजवळ त्यांची काही जमीन होती, ती शिक्षणाच्या कामी गेली. शेवटी देणी झाली. 1840 मध्ये सरकारने त्यांना लहान दाव्यांच्या कोर्टात कमिशनर नेमलं, तेव्हा कुठे नियमित उत्पन्न आलं. राममोहन विलायतेला गेले तेव्हा लंडनमध्ये हेअर यांच्या भावांच्या घरी राहिले होते आणि 1833 मध्ये ब्रिस्टलजवळ ते वारले तेव्हा हेअर घराण्यातली मुलगी त्यांच्या उशाशी होती. पण हेअर स्वतः एकदाही परत गेले नाहीत.

31 मे 1842 च्या रात्री त्यांना पटकी झाली. उपचार करणारा डॉक्टर प्रसन्नकुमार मित्र, मेडिकल कॉलेजात शिकलेला त्यांचाच विद्यार्थी. पटकीवर तेव्हा अंगावर फोड उठवणारा लेप लावत. थोड्या वेळाने हेअर यांनी त्याला तो लावू नकोस, मला शांतपणे जाऊ दे, असं सांगितलं. ग्रे यांना निरोप पाठवला की शवपेटी तयार ठेवा. दुसऱ्या दिवशी ते गेले. धर्म न मानणारा म्हणून ख्रिस्ती दफनभूमीत जागा मिळायची अडचण आली असं सांगतात. त्यांच्या माणसांनी त्यांना गोलदिघीला आणलं. समाधीसाठी वर्गणी ठरली एक रुपया, म्हणजे कुणालाही देता यावी. पुढे कित्येक वर्षं 1 जूनला विद्यार्थी जमून त्यांच्या नावाने निबंध वाचत. 1877 मध्ये त्यांचं चरित्र लिहिलं प्यारीचंद मित्र यांनी, म्हणजे बंगालीतल्या पहिल्या कादंबऱ्यांतली एक लिहिणाऱ्या लेखकाने. तेही हिंदू कॉलेजातलेच.

मुंबईत एल्फिन्स्टन गव्हर्नर होते. शिक्षणाचा पाया त्यांनी सत्तेच्या जोरावर घातला, आणि चांगला घातला. हेअर यांच्या हाती सत्तेचा अंशही नव्हता, आणि त्यांच्या मुलांना त्याचाच फायदा झाला असं मला वाटतं. सत्तेपुढे उभं राहून मागायचं कसं, अर्ज लिहायचा कसा, सभा भरवायची कशी, साक्ष द्यायची कशी, हे त्यांनी रोज पाहिलं. हेअर गेल्यावर वर्ष उलटायच्या आत, 20 एप्रिल 1843 ला, बंगाल ब्रिटिश इंडिया सोसायटी स्थापन झाली. तिच्या धुरिणांत ताराचंद चक्रवर्ती, रामगोपाल घोष, प्यारीचंद मित्र अशी हिंदू कॉलेजातलीच माणसं होती. 1851 मध्ये तीच माणसं जुन्या जमीनदारांबरोबर ब्रिटिश इंडियन असोसिएशनमध्ये आली, आणि तिचे अध्यक्ष झाले राधाकांत देव, म्हणजे हेअर यांचे शाळांमधले जुने सहकारी. पुढच्याच वर्षी, 26 ऑगस्ट 1852 ला, मुंबईत नाना शंकरशेट यांच्या पुढाकाराने बॉम्बे असोसिएशन निघाली. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकलेले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले भाऊ दाजी तिचे चिटणीस होते. कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण 1853 मध्ये व्हायचं होतं. त्याआधी कोलकाता आणि मुंबई, दोन्हीकडून कारभारात हिंदी माणसांना वाटा मागणारे अर्ज पार्लमेंटकडे रवाना झाले.